खोल समुद्राची क्षारता ०.०१ ने बदलली असं सांगतात. ते खरं असतं की मोजमापातली चूक? आणि तेवढ्याने महासागराचं अभिसरण, म्हणजे थंड खारं पाणी बुडून खोलवर आणि उबदार पाणी वरून वाहण्याचं चक्र, थांबेल का?

प्रश्नाचा दुसरा भाग सगळेच विचारतात. पहिला मात्र मला झोंबतो, म्हणून आधी तोच घेतो. तुमचा ०.०१ म्हणजे किती? जेमतेम एक थेंब.

क्षारतेच्या नमुन्याची काचेची बाटली साधारण २०० मिलिलिटरची असते. त्यात सुमारे २०५ ग्रॅम पाणी, क्षारता ३५, म्हणजे किलोला साधारण ३५ ग्रॅम मीठ. झाकण नीट बसलं नाही आणि ०.०५ ग्रॅम, म्हणजे ड्रॉपरचा एक थेंब, वाफ होऊन गेला, की क्षारता ०.००८ ने वाढली. गळ्यावर वाळलेलं मीठ एक मिलिग्रॅम आत पडलं, की ०.००५. चूक व्हायला फार काही लागत नाही, हे मान्य. हे मोजणाऱ्यांनाही ठाऊक असतं, आणि म्हणूनच त्यांची रीत चक्रमपणा वाटावा इतकी काटेकोर असते.

रोझेट, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून आणणाऱ्या बाटल्यांची चौकट, वर आली की तिच्या बाटल्यांमधून आधी वायूंचे आणि ऑक्सिजनचे नमुने काढतात, मग पोषकद्रव्यांचे. क्षारतेचा नंबर अगदी शेवटी. नमुन्याची बाटली आणि तिचं झाकण त्याच पाण्याने तीनदा खळबळायचं. बाटल्या एरवी रिकाम्या ठेवत नाहीत, जुन्या नमुन्याचं खारं पाणी त्यातच राहू देतात. नळाच्या पाण्याने धुतली आणि तळाशी एक मिलिलिटर राहिलं तर नमुना ०.१७ ने घसरेल, मग ०.०१ चं नावच काढायला नको. खांद्यापर्यंत भरायची, गळा पुसायचा, प्लॅस्टिकचं आतलं बूच दाबायचं, वर झाकण. त्यानंतर सॅलिनोमीटरच्या (पाणी वीज किती वाहून नेतं, म्हणजे वाहकता, त्यावरून क्षारता मोजणाऱ्या उपकरणाच्या) खोलीत दिवसभर ठेवायची, म्हणजे पाणी खोलीच्या तापमानाला येतं. उपकरणातल्या बाथचं, म्हणजे ठरावीक तापमानाला राखलेल्या पाण्याच्या टाकीचं, तापमान खोलीपेक्षा एक-दोन अंश वर ठेवतात. खोलीच गरम झाली की बाथ ताळ्यावर राहत नाही, वाचन सरकायला लागतं, आणि सरकतंय हे कळायला तासभर जातो.

मोजण्याआधी बाटली उलटसुलट करून हलवायची, कारण वर जमलेली वाफ थेंब होऊन पृष्ठभागावर बसलेली असते. सेल, म्हणजे वाहकता मोजायची काचेची नळी, दोन-तीनदा भरून रिकामा करायचा आणि मगच वाचन घ्यायचं. पडद्यावर वाहकता-गुणोत्तराची (नमुन्याची वाहकता भागिले प्रमाण द्रावणाची) दुप्पट दिसते. लागोपाठच्या दोन वाचनांत ०.००००२ चा फरक म्हणजे क्षारतेत ०.०००४. त्याहून जास्त आला की पुन्हा भरा. सेलच्या फाट्यात बुडबुडा अडकला असेल तर वाचन खाली येतं. टॉर्च लावून बघावं लागतं. नमुन्यांची तुकडी सुरू करताना आणि संपवताना प्रमाणित समुद्रजलाची, म्हणजे उपकरण ताडायला मिळणाऱ्या नेमक्या माहीत क्षारतेच्या पाण्याची, नवी बाटली फोडायची. काल उघडलेली अर्धी बाटली वापरायची नाही, कुणी कितीही काटकसर सांगितली तरी.

(पाणी आटवून मीठ का तोलत नाहीत, हाही ठरलेला प्रश्न. आटवताना मॅग्नेशियम क्लोराइड फुटतं, हायड्रोक्लोरिक आम्ल उडून जातं, आणि शेवटचं पाणी मीठ काही केल्या सोडत नाही. म्हणून १९७८ च्या मापनश्रेणीत क्षारता वाहकतेवरून ठरते. एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, तापमान १५ अंश. नमुन्याची वाहकता या द्रावणाइतकी भरली की क्षारता बरोबर ३५. तिला एकक नाही.)

हे सगळं केलं की अचूकता ०.००२ च्या आसपास येते. आता मुद्द्याची गोष्ट. थेंब उडणं, गळ्यावरचं मीठ पडणं, सैल बूच, या सगळ्या चुका क्षारता वाढवतात. अंटार्क्टिकाच्या तळपाण्यात, म्हणजे तिथे बुडून महासागराच्या तळाशी पसरणाऱ्या पाण्यात, दशकानुदशकं दिसलेला बदल मात्र घटीचा आहे. अंटार्क्टिकालगतच्या रॉस समुद्राच्या पश्चिम भागात, खंडमंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर), १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे पन्नास वर्षं दशकाला ०.०३ च्या आसपास घट झाली. खोल तळाशी पोचेपर्यंत इतर पाणी मिसळून ही घट दशकाला ०.०१ च्या घरात येते. सैल झाकणाने पाणी कमी खारं होत नाही. बुडबुड्याने होतं, सीटीडीच्या (समुद्रात सोडून वाहकता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या) काचेच्या नळीत शेवाळाचा थर बसला तरी होतं. पण ते एका जहाजावर, एका फेरीत. वेगवेगळी जहाजं, उपकरणं आणि माणसं पन्नास वर्षं एकाच दिशेने चुकत होती असं म्हणायचं असेल, तर सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्याची.

कारणही माहीत आहे: पूर्वेकडच्या अमंडसन समुद्रात हिमनद्या वितळतात आणि ते गोडं पाणी किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला येतं. २०१४ नंतर काही वर्षं रॉस समुद्रातली क्षारता पुन्हा वाढली, वारे आणि सागरी बर्फाची ये-जा बदलल्यामुळे. म्हणजे रेघ सरळ खाली जाणारी नाही, एवढं लक्षात ठेवा.

एवढ्याशा बदलाने काय होतं? २५ अंशाच्या पाण्यात क्षारता ०.०१ ने घटली तर घनतेवर होणारा परिणाम पाणी ०.०२५ अंशाने तापल्याइतका असतो. शून्य अंशाच्या आसपास, पृष्ठभागावर, त्याच ०.०१ ची बरोबरी करायला सुमारे ०.१५ अंश लागतात. थंड पाणी तापवून फारसं फुगत नाही, म्हणून ध्रुवांकडे बुडायचं की तरंगायचं हे मीठ ठरवतं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आर्क्टिककडून जादा बर्फ आणि गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये उतरलं. त्याने वरचा थर हलका झाला आणि लॅब्राडोर समुद्रातली हिवाळ्याची खोल घुसळण १९६९ ते १९७१ या काळात जवळजवळ थांबली. १९७२ च्या कडक हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. मग अभिसरण बंद पडणार का? अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेवर २००४ पासून या अभिसरणाची सलग मोजणी चालू आहे. सरासरी १७ स्वेरड्रुपच्या आसपास, म्हणजे दर सेकंदाला १ कोटी ७० लाख घनमीटर. २००९-१० मध्ये ते तीस टक्क्यांनी पडलं, त्यात वाऱ्याचा मोठा हात होता, आणि पुन्हा सावरलं. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ते कमजोर होण्याची शक्यता खूपच जास्त, पण २१०० च्या आधी अचानक कोसळणार नाही. हे दुसरं विधान मध्यम खात्रीचं. बंद पडण्याचं साल सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

‘आता आर्गो फ्लोट आहेत, जहाज आणि बाटल्या कशाला?’ हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकाल, म्हणून सांगून ठेवतो. आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात आपोआप खालीवर करत तापमान आणि क्षारता मोजणारी तरंगती उपकरणं. समुद्रात चारेक हजार फ्लोट आहेत, पण नेहमीचा फ्लोट २००० मीटरपर्यंतच जातो. महासागराचं निम्मं पाणी त्याच्या खाली आहे. ६००० मीटरचे खोल फ्लोट आहेत, पण थोडे. शिवाय सेन्सर सरकतात. गेल्या दशकाच्या मध्याला बनलेल्या काही सेन्सरांचं वाचन अपेक्षेपेक्षा फार लवकर खारट दिशेला गेलं. ते सरकलंय हे कशाशी ताडून ओळखायचं? शेवटी बाटलीशीच. फ्लोट हवेतच, पण त्यांच्या आकड्यांवर बाटलीवाल्यांना जुनाट ठरवणं म्हणजे वजनकाट्याने वजनमापावर हसणं.

बाटलीही निर्दोष नाही, तेही सांगायला हवं. प्रमाणित समुद्रजलाच्या दोन बॅचांत ०.००१-०.००२ चा फरक निघतो, म्हणून माहितीसाठ्यात बॅच क्रमांक नसेल तर त्याहून लहान चढउतारावर काहीही मांडू नका. वाहकतेला सिलिकेट जवळजवळ दिसतच नाही. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात त्यामुळे वाहकतेवरून काढलेली क्षारता खऱ्या क्षारतेपेक्षा किलोला ०.०२ ग्रॅमच्या आसपास कमी भरते, आणि समुद्रजलाच्या २०१० च्या समीकरणात त्यासाठी वेगळी दुरुस्ती आहे. वाहकता मोजायला लागण्यापूर्वीची क्षारता क्लोरीनच्या अनुमापनातून (रसायन थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजण्यातून) काढलेली असते, तिची अचूकता ०.०२ च्या आसपास. १९२५-२७ च्या ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाच्या मोहिमेचे आकडे आजच्या रेघेला जोडून कुणी ०.०१ चा कल दाखवला, तर तुमची शंका तिथे चालेल.