खाते कुठे उघडायचे? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचे टॉवेल आणि चादरींचे यंत्रमाग आहेत. बाहेरच्या देशातल्या खरेदीदारांना माल दिसावा म्हणून मुलगा ब्लूस्काय म्हणतो, भाचा मास्टोडॉन. दोन्ही ट्विटरसारखी, पण विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या हाती नसलेली आहेत म्हणे. मग लोक एक सोडून दुसरे का धरतात?
– एक कारखानदार

उत्तर : आपली माणसे जिथे असतील तिथे लोक जातात. तंत्राचा विचार नंतर येतो, बहुतेकदा येतच नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा भारतातून मास्टोडॉनवर लोंढा गेला. २०२४ च्या ऑगस्टअखेर ब्राझीलमध्ये एक्स (पूर्वीचे ट्विटर) बंद पडले, तेव्हा तिथले लोक ब्लूस्कायवर गेले. दोन्ही वेळा प्रोटोकॉल (तांत्रिक नियमावली) वाचून कोणी निघाले नव्हते.

फरक मात्र खरा आहे. मास्टोडॉन (२०१६ पासून) म्हणजे हजारो स्वतंत्र सर्व्हर (खाती सांभाळणारे संगणक). प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, आणि तुमच्या नावातच सर्व्हरचे नाव जोडलेले. ब्लूस्कायवर खात्याला एक कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि दिसणारे नाव ही त्यावरची पाटी असते, ती बदलता येते. पण बहुसंख्य खाती आजही ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, त्यामुळे तिथले विकेंद्रीकरण बरेचसे कागदावरच आहे, असे आमचे मत.

तुम्ही ब्लूस्कायने सुरुवात करा. तिथे सर्व्हर निवडत बसावे लागत नाही. लोकांनी बनवलेली विषयवार फीड्स (पोस्टच्या रांगा) मिळतात आणि ‘स्टार्टर पॅक’मधून एकाच विषयातली दीडशेपर्यंत खाती एकदम फॉलो करता येतात. मास्टोडॉनच्या काही सर्व्हरांवर व्यापारी जाहिरातीला मनाई असते. खाते उघडण्याआधी सर्व्हरचे माहितीचे पान वाचले नाही, तर पहिल्याच आठवड्यात खाते गोठू शकते.

पोस्टमध्ये ‘उत्तम दर्जा’ लिहू नका. माप, जीएसएम (चौरस मीटरमागे किती ग्रॅम), सुताचा काउंट (जाडीचा क्रमांक), किमान किती नग, हे लिहा : ७० × १४० सेंमी, ५०० जीएसएम, अशा पद्धतीने. मास्टोडॉनच्या मुख्य रांगेत पोस्ट वेळेच्या क्रमानेच दिसतात, म्हणून तिथे वेळेला महत्त्व आहे. आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात दुपारचा एक असतो. सकाळी नऊला टाकलेली चादर तिकडे कोणी उठायच्या आत खाली गेलेली असते. फोटोला वर्णन (ऑल्ट टेक्स्ट, दृष्टिहीन वाचकांसाठी) भरा. वर्णन नसलेला फोटो मास्टोडॉनवर अनेकजण मुद्दाम पुढे पाठवत नाहीत. आणि ऑर्डर शेवटी ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवरच पक्की होणार, तेव्हा ते प्रोफाइलमध्ये हवे.

प्रश्न : नान्नजच्या माळरानावरचे पक्षी टिपणारा आमचा छोटा गट आहे. मास्टोडॉनवर खाते काढले, पण सगळे रिकामे. शोधले तरी मराठी काही सापडत नाही.
– पक्षीनिरीक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : लोक मास्टोडॉन सोडतात ते याच रिकामेपणामुळे. तुमच्या सर्व्हरवर बाहेरची पोस्ट येते ती मुख्यतः तिथल्या कोणीतरी त्या लेखकाला फॉलो केले असेल तरच. लहान सर्व्हर असेल तर शोधात दुनियाच दिसत नाही. शिवाय पोस्टच्या मजकुरातून शोध लागण्यासाठी लेखकाने स्वतः परवानगी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘सार्वजनिक प्रोफाइल’ उघडून, ‘गोपनीयता आणि पोहोच’ या भागात पोस्ट शोधात दाखवण्याची खूण करा. ती खूण मुळात बंद असते.

हॅशटॅगला ही अट नाही, म्हणून हॅशटॅगच फॉलो करा. #सोलापूर आणि #सोलापुर हे दोन वेगळे टॅग आहेत, इंग्रजी अक्षरांतला तिसरा; गटाने एक ठरवा. पोस्ट लिहिताना भाषा ‘मराठी’ निवडा, किंवा पसंतींमध्ये तीच कायमची करून ठेवा. मराठी मजकुरावर इंग्रजीचा शिक्का राहिला की फक्त मराठी वाचणाऱ्यांकडून तो गाळला जातो. ब्लूस्कायवरही हेच होते. अक्षरांची चिंता नको : मास्टोडॉनची मर्यादा सहसा ५००, ब्लूस्कायची ३००, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जात नाहीत.

एक विनंती. माळढोक दिसलाच तर जागा आणि वेळ लिहू नका, फोटोतली स्थाननोंद काढून टाका. तुम्ही पोस्ट पुसली तरी दुसऱ्या सर्व्हरांवर गेलेली प्रत पुसली जाईलच याची खात्री नसते.

प्रश्न : माझा मास्टोडॉन सर्व्हर बंद होणार असल्याची सूचना आली आहे. सगळे जाणार का?
– प्राध्यापक, होटगी रोड

उत्तर : फॉलोअर नेता येतात, पोस्ट नेता येत नाहीत. मात्र सर्व्हर चालू आहे तोवरच, कारण ‘हा माणूस तिकडे गेला’ हा निरोप जुन्या सर्व्हरनेच पाठवायचा असतो. तो आधीच बंद पडला तर फॉलोअर गेले.

आधी जुन्या खात्यात ‘आयात आणि निर्यात’मधून फॉलो केलेल्यांची, ब्लॉक-म्यूटची आणि बुकमार्कची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवा. तिथूनच पोस्टचा संग्रह मागवा. तो तयार व्हायला वेळ लागतो, आणि सात दिवसांतून एकदाच मागता येतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मग नवे खाते उघडा आणि त्याच्या खाते-सेटिंग्जमध्ये ‘दुसऱ्या खात्यावरून येत आहे’ निवडून जुन्याचा पूर्ण पत्ता भरा. हे केल्यावरच जुन्या खात्यात जाऊन ‘दुसऱ्या खात्यावर जायचे आहे’ निवडा, नवा पत्ता आणि पासवर्ड द्या. हाच क्रम उलटा झाला की चूक दाखवून काम अडते. फॉलोअर हळूहळू सरकतात, काही तास लागतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते आपोआप येत नाहीत. त्यांची सीएसव्ही नव्या खात्यात आयात करावी लागते. जुने खाते लगेच पुसू नका. एकदा हलल्यावर तीस दिवस पुन्हा हलता येत नाही, म्हणून नवा सर्व्हर घाईत निवडू नका.

निवडताना जॉइनमास्टोडॉन या मास्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळाच्या यादीत तो आहे का पाहा. त्या यादीतल्या चालकांनी रोजची प्रत ठेवण्याचे आणि बंद करण्याआधी तीन महिने कळवण्याचे मान्य केलेले असते. खर्च कोण करतो आणि दुसरा प्रशासक आहे का, हेही विचारा. एकट्याच्या खांद्यावरचा सर्व्हर तो आजारी पडला की थांबतो.

विकेंद्रित नसलेल्या ठिकाणी एवढेही हाती लागत नाही. ट्विटरसारखे भारतीय ॲप कू जुलै २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांना फॉलोअर घेऊन दुसरीकडे जाण्याची वाटच नव्हती.

प्रश्न : ब्लूस्कायवर दुकानाचे डोमेन नाव म्हणून कसे लावायचे?
– नवी पेठ

उत्तर : सेटिंग्ज, खाते, हँडल, मग ‘माझे स्वतःचे डोमेन आहे’. तिथे एक लांब मजकूर मिळतो. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) जिथून घेतले तिथल्या डीएनएस पानावर, म्हणजे त्या पत्त्याच्या नोंदींच्या पानावर, टीएक्सटी प्रकारची नोंद करून तो जसाच्या तसा चिकटवा. होस्टच्या रकान्यात फक्त ब्लूस्कायने दिलेला अंडरस्कोरने सुरू होणारा छोटा शब्द घाला. गडबड इथेच होते : बरीच पाने डोमेन स्वतःच मागे जोडतात, आणि आपणही ते लिहिले की नाव दोनदा पडून पडताळणी फसते. नोंद पसरायला काही मिनिटांपासून काही तास लागतात.

डोमेनचे नूतनीकरण चुकले तर नाव अवैध दिसते, पण खाते आणि फॉलोअर राहतात. मास्टोडॉनवर स्वतःच्या डोमेनचे नाव हवे तर साधारणपणे सर्व्हरच चालवावा लागतो. दुकानाला तो खटाटोप परवडत नाही. तिथे वेबसाइटवर प्रोफाइलचा पडताळणी-दुवा ठेवून हिरवी खूण मिळवली तरी पुरे.

प्रश्न : फक्त मैत्रिणींना दिसेल असे खाते हवे आहे. कुठे?
– विद्यार्थिनी

उत्तर : ब्लूस्कायवर नाही; तिथल्या पोस्ट सार्वजनिक असतात, कोणी कोणाला ब्लॉक केले तेसुद्धा बाहेरून पाहता येते. मास्टोडॉनवर ‘फक्त फॉलोअर’ अशी पोस्ट करता येते, पण आधी फॉलो-विनंत्या स्वतः मंजूर करण्याची खूण चालू करा, नाहीतर कोणीही फॉलो करून वाचेल. तिथले खासगी निरोप टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात, सर्व्हरचालकाने ठरवले तर तो वाचू शकतो. खरोखर खासगी बोलायचे असेल तर सिग्नल हे निरोपांचे ॲप वापरा.

प्रश्न : नॉस्टर कसे?
– सात रस्ता

उत्तर : हे आणखी एक विकेंद्रित जाळे. तिथे खाते म्हणजे दोन किल्ल्या, म्हणजे लांब अक्षरमाला : एक सार्वजनिक, एक खासगी. खासगी किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलो’ची सोय नाही, चोरीला गेली तर बदलूनही मिळत नाही. कोणत्याही सर्व्हरचालकाने आपले खाते बंद करू नये, ही ज्यांची पहिली गरज आहे ते नॉस्टर निवडतात. किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवण्याची सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.