तिला ‘समजावून’ सांगणार नाही

तुमच्या पत्रात मुलीचे बारावी कला शाखेचे 81 टक्के एका ओळीत उरकलेत. बाकी सगळं ‘लोक काय म्हणतील’ यावर. तिला फाशीच्या कैद्यांसाठी काम करायचंय, तुम्हाला ती न्यायाधीश झालेली हवीय, आणि ‘खुन्यांची वकील’ म्हटल्यावर स्थळं येणार नाहीत म्हणून मी तिला समजवावं. स्थळांचा विषय तीनदा आलाय. ती काय वाचते, हे हवंसं का वाटलं, याबद्दल एक अक्षर नाही.

तुम्ही लिहिता, ‘सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली म्हणजे माणूस दोषीच.’ नाशिकजवळ 2003 मध्ये दरोडा पडला, पाच खून झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. जखमी साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली, भरपाई प्रत्येकी पाच लाख. असे कागद पुन्हा उकरून काढणाऱ्या वकिलाला तुम्ही खुन्यांची वकील म्हणताय. आणि अशील खरोखर दोषी असला तरी फाशी की जन्मठेप, हा प्रश्न उरतोच. तिथेही त्याला वकील लागतो.

न्यायाधीशपदाचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालाने आधी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केलीय. म्हणजे काळा कोट आधी घालावाच लागेल. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एलएलबीसाठी एमएच-सीईटी लॉ किंवा क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पहिली काही वर्षं पैसा बेताचाच, हे तिलाही सांगा.

पण मला तिच्याबद्दल वेगळीच शंका आहे. कैद्यांच्या घरच्यांचं काय होतं, हे ती सारखं विचारते, असं तुम्हीच तक्रारीच्या सुरात लिहिलंय. 2022 च्या मनोज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की फाशी ठरवण्याआधी आरोपीचं बालपण, घर, मानसिक स्थिती, तुरुंगातलं वागणं कोर्टासमोर यायला हवं. ही माहिती गोळा करायला समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली माणसं लागतात. कदाचित तिची जागा तिथे असेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचू नका.