हलका हात, पक्की मालीश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपासून स्पामध्ये काम करते. रोज सहा-सात जणांची मालीश होते. हल्ली उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकतं, बाटलीचं झाकणही फिरवता येत नाही. गिऱ्हाईक मात्र 'अजून जोर लावा' म्हणतं. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी अंगठ्याने दाबणं बंद करा. अंगठ्याच्या टोकावर पडणारा भार मुळाच्या सांध्यापर्यंत पोचेस्तोवर कित्येक पटींनी वाढतो, आणि हा सांधा पकडीसाठी आहे, अंगाचं वजन पेलण्यासाठी नाही. अंगठ्याने गाठ फक्त शोधा. दाबायचं काम सैल मुठीने किंवा कोपराखालच्या हाताच्या मांसल बाजूने करा. कोपराचं टोक कण्यावर आणि खवाट्याच्या कडेवर टेकवू नका.

जोर पायांतून यायला हवा. एक पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, मागची टाच जमिनीला टेकलेली. असं उभं राहून पुढे झुकलं की वजन आपसूक हातात उतरतं. मनगट सरळ ठेवा. कोपरही जवळजवळ सरळ असू दे, पण ताठ अडकवलेलं नको.

टेबलाची उंची आजच तपासा. टेबलाशेजारी ताठ उभ्या राहा आणि हात खाली सोडा. वळलेल्या मुठीची पेरं गादीला लागली पाहिजेत. जाड अंगाचं गिऱ्हाईक असेल तर टेबल एक-दोन खाचा खाली घ्या. ते उंच राहिलं की खांदे वर चढतात आणि सगळा जोर मनगटातून काढावा लागतो. पुष्कळ ठिकाणी एकच टेबल तिघी-चौघी वापरतात आणि उंची कुणीच बदलत नाही. दुखण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं, दोष मात्र तेलाला दिला जातो.

तेलाचाही थोडा वाटा असतो म्हणा. पूर्ण पाठीला 10 ते 15 मिली पुरतं. जास्त झालं की हात घसरतो, तो सावरायला बोटं नकळत आवळली जातात आणि अंगठा दमतो. कमी पडलं तर कातडी ओढली जाते.

'अजून जोर' मागणाऱ्यासाठी वेग कमी करा. कमरेपासून मानेपर्यंत एक हात फिरवायला 10-12 सेकंद घ्या. बोट घाईने रुतवलं की स्नायू आवळतो, मग त्याच्याशी झुंजण्यात तुमचीच ताकद जाते. तोच दाब सावकाश दिला तर खोल लागतो. 'एक ते पाचमध्ये दाब किती वाटतोय?' असं अधूनमधून विचारा. उत्तर तीनच्या वर गेलं आणि समोरच्याने श्वास रोखून धरला, तर हात सैल करा.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटात नस दाबली गेल्याची शंका घ्यावी. कढई उचलताना अंगठ्याच्या बाजूचं मनगट चमकत असेल तर तिथल्या कंडरांना (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना) सूज असू शकते. दोन्हींत नुसतं चोळून भागत नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर दिवसाला चारच जणांना घ्या आणि मध्ये 15 मिनिटं सोडा.

प्रश्न : आईचं वय 78, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पाय सुजतात. मालीशवाल्या मावशी म्हणतात, चांगलं रगडलं की सूज उतरेल. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मावशींना थांबवा. एकच पाय सुजला असेल, पोटरी दुखत असेल किंवा गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही पाय सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची एखादी गोळी हे कारण असू शकतं. तेही आधी तपासून घ्या.

डॉक्टरांनी होकार दिला तर वीस मिनिटं पुरेत. कुशीवर झोपवून गुडघ्यांमध्ये उशी द्या. पूर्ण तळवा टेकवून घोट्यापासून वर हात फिरवा, बोटांची टोकं रुतवू नका. फुगलेल्या शिरा टाळा. बरगड्यांवर आणि कण्यावर भार देऊ नका, कारण या वयात हाडं ठिसूळ असतात. तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवून तेल गरम करा आणि आधी स्वतःच्या मनगटावर पाहा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर 'दुखतंय का' या प्रश्नाचं उत्तर भरवशाचं नसतं, म्हणून दाब आणखी कमी ठेवा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नका.

सगळ्यात मोठा धोका पडण्याचा, आणि तो मालीश संपल्यावर असतो. तळवे कोरड्या पंचाने पुसा, दोन-तीन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवा आणि मगच उभं करा.

प्रश्न : स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजला आहे. जवळच्या पार्लरमध्ये 'लिम्फॅटिक ड्रेनेज' करतात. जाऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पार्लरमध्ये नको. ही पद्धत एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने 1930च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली. लसिका (लिम्फ) म्हणजे अंगातला जादा पातळ द्रव, आणि तो वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात. म्हणून यात हात घसरवायचा नसतो, तळव्याखालची कातडी हलकेच ताणून सोडायची असते, तेही तेलाशिवाय. सुरुवात सुजलेल्या हातापासून नव्हे, मान, छाती आणि दुसऱ्या काखेपासून होते. पुढची वाट मोकळी नसेल तर द्रव सरकणार कुठे? आणि पट्टी किंवा दाबाची बाही घातली नाही तर सूज पुन्हा भरते. असं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडेच जा. हात लाल झाला किंवा ताप आला तर मालीश बंद करून डॉक्टरांकडे जा. 'अंगातली विषारी द्रव्यं निघून जातात' या जाहिरातीकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : बारावीनंतर हे काम शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल या सौंदर्य-स्पा क्षेत्रातल्या कौशल्य प्रशिक्षणाच्या संस्थेचे 'असिस्टंट स्पा थेरपिस्ट' आणि 'स्पा थेरपिस्ट' असे अभ्यासक्रम आहेत. संस्थेत प्रवेश घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा : प्रत्यक्ष माणसांवर सराव किती तास, आणि मालीश कुणाला करू नये हे शिकवतात का. या प्रमाणपत्राने फिजिओथेरपिस्ट होता येत नाही, म्हणून कार्डावर 'पाठदुखी बरी होईल' असं छापू नका. घरी जाऊन काम करणार असाल तर आजार, औषधं, ऑपरेशन आणि गरोदरपण यांची चौकशी फोनवरच करा. अंथरूण जमिनीवर घालायला सांगा. मऊ पलंगावर जोर गादीतच जिरतो आणि तुमची कंबर वाकते. जमिनीवर बसताना गुडघ्यांखाली दुमडलेली सतरंजी घ्या.