हाइड, हिड, हिडन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लपणं आणि लपवणं यांसाठी इंग्रजीत सर्रास वापरला जाणारा शब्द म्हणजे 'हाइड'. त्याच्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: सहावीच्या मुलांना 'मांजर दाराआड लपलं आहे' या वाक्याचं इंग्रजी करायला दिलं होतं. बहुतेकांनी 'द कॅट इज हिडन बिहाइंड द डोअर' लिहिलं, काहींनी 'हॅज हिडन'. मी 'इज हायडिंग' बरोबर धरलं. पालक विचारतात, मांजर लपून झालेलं आहे, मग 'हायडिंग' कसं?
(शिक्षिका, डिचोली)

उत्तर: तुम्ही बरोबर धरलंत. चुकीचं मूळ मराठीच्या वळणात आहे. बसणं, झोपणं, लपणं या क्रिया झाल्यावर जी स्थिती उरते, ती आपण पूर्ण काळात सांगतो: तो बसला आहे, ती झोपली आहे, मांजर लपलं आहे. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांचंही तेच होतं, कारण 'बसला', 'न्हिदला', 'लिपला' ही रूपं त्याच जातीची. इंग्रजी मात्र हीच स्थिती चालू काळात सांगतं: इज सिटिंग, इज स्लीपिंग, इज हायडिंग. 'बसला आहे'ला 'हॅज सॅट' म्हणत नाहीत हे मुलांच्या अंगवळणी पडलेलं असतं. 'लपला आहे' त्याच्याच शेजारी फळ्यावर लिहा, म्हणजे वेगळा नियम सांगावा लागत नाही.

'इज हिडन' हे रूप चुकीचं नाही, पण अर्थ बदलतो. मांजर कुणीतरी लपवून ठेवलंय, किंवा मध्ये काहीतरी आड आल्यामुळे ते दिसत नाही, असं त्यातून निघतं. किल्लीच्या बाबतीत मात्र तेच रूप हवं: 'द की इज हिडन अंडर द फ्लॉवरपॉट.' किल्ली आपण होऊन कुंडीखाली लपत नाही. मराठीत दोन क्रियापदं आहेत, लपणं आणि लपवणं. इंग्रजीत दोन्हींचं काम एकट्या 'हाइड'वर पडतं. म्हणून इंग्रजी करण्याआधी मुलांना मराठी वाक्यालाच विचारू द्या: 'लपलं आहे' की 'लपवलेलं आहे'? पहिलं असेल आणि लपणारा जिवंत असेल तर हायडिंग. दुसरं असेल तर हिडन.

'द कॅट हॅज हिडन' हेही इंग्रजीच आहे, पण ते वेगळ्या वेळी वापरतात. मांजर आत्ताच पळालं आणि कुठेतरी दडलं, ही बातमी सांगायची असेल तेव्हा. रूपांपुरतं बोलायचं तर हाइड, हिड, हिडन एवढीच. 'हायडेड' नाही. जुन्या पुस्तकांत 'हॅज हिड' आढळेल. आज लिहिताना 'हॅज हिडन'च लिहावं.

प्रश्न: प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'नथिंग मटेरियल हॅज बीन कन्सील्ड' असं छापलेलं असतं. तिथे 'हिडन' लिहिलं तर काय बिघडतं? दोन्हींचा अर्थ एकच ना?
(वाचक, फोंडा)

उत्तर: अर्थ जवळचे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा नेहमी बसत नाही. 'कन्सील' म्हटलं की साधारणपणे त्यामागे हेतू गृहीत धरला जातो: कुणीतरी, काहीतरी, दिसू नये किंवा कळू नये म्हणून लपवलं. 'हाइड'ला हेतूची गरज नाही. पावसाळ्यात धुकं उतरतं आणि दूधसागर दिसेनासा होतो, तेव्हा 'द मिस्ट हिड द फॉल्स' हे सहज इंग्रजी झालं. मराठीत अशा वेळी आपण 'लपवलं' म्हणत नाही, 'झाकून टाकलं' म्हणतो किंवा 'धुक्याआड गेला' म्हणतो.

व्याकरणातही फरक आहे. 'कन्सील'ला कर्म लागतंच. 'द थीफ हिड इन द काजू प्लँटेशन' चालतं. 'द थीफ कन्सील्ड इन द काजू प्लँटेशन' हे अर्धवट वाक्य आहे. तिथे 'कन्सील्ड हिमसेल्फ' हवं. बातम्यांच्या मसुद्यांत ही चूक फार दिसते. साध्या शब्दापेक्षा भारदस्त शब्द बरा वाटतो म्हणून तो उचलला जातो. आमच्या मते बातमीत 'हिड'च चांगलं.

प्रतिज्ञापत्रातला 'कन्सील्ड' मात्र तसाच राहू द्या. कायद्याच्या भाषेत त्याला वजन आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. वस्तुस्थिती माहीत असताना किंवा ती तशी आहे असं वाटत असताना, फसवण्याच्या हेतूने ती कृतीने दडवणं त्या व्याख्येत येतं; तिथला शब्द 'अ‍ॅक्टिव्ह कन्सीलमेंट'. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे, अपवाद दोन: बोलणं हे कर्तव्य असेल तर, किंवा ते मौनच बोलण्यासारखं असेल तर. जुन्या स्कूटरचं उदाहरण घ्या. विकणारा इंजिनाबद्दल स्वतःहून काही बोलला नाही, ही एक गोष्ट. त्याने किलोमीटरचा काटा मागे फिरवला, ही दुसरी. 'कन्सील्ड' हा शब्द दुसऱ्या गोष्टीला नेमका लागू पडतो. प्रतिज्ञापत्रात याच शब्दाखाली तुमची सही असते. म्हणून त्याचं मराठी करताना 'लपलेलं नाही' नको. 'कोणतीही महत्त्वाची बाब लपवून ठेवलेली नाही' असं लिहा. 'मटेरियल'चा अर्थ इथे 'महत्त्वाची' असा आहे, साहित्याशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: सत्तरीत होमस्टे सुरू करतोय. फलकावर 'हाइडआउट' घालू की 'हाइडअवे'?
(वाचक, वाळपई)

उत्तर: हाइडअवे. गर्दीपासून दूर, निवांत राहण्याची जागा असा त्याचा अर्थ. 'हाइडआउट' म्हणजे पोलिसांपासून किंवा शत्रूपासून लपण्याचा अड्डा. कॅफेवाले तो शब्द मुद्दाम रंगत आणायला वापरतात, तिथे तो खपून जातो. कुटुंबांनी राहायला यावं अशी जागा असेल तर नको. फलकावर 'हाइडअवे' एकाच शब्दात, मध्ये जागा न सोडता लिहा. जागा सोडली की ते क्रियापद होतं आणि वाचणाऱ्याला 'लपून बस' अशी आज्ञा ऐकू येते.

प्रश्न: पतसंस्थेच्या एक्सेल तक्त्यातल्या काही ओळी 'हाइड' करून तक्ता सभासदांना ईमेलने पाठवला. बेरीज जुळत नाही अशी तक्रार आली. शिवाय एकाने लपवलेल्या ओळीही वाचल्या. असं कसं झालं?
(लेखनिक, पणजी)

उत्तर: संगणकातलं 'हाइड' फक्त पडद्यावरून दूर करतं. मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. लपवलेल्या जागेच्या वरची आणि खालची ओळ एकत्र निवडून उजवं बटण दाबलं आणि 'अनहाइड' म्हटलं की ओळी परत समोर येतात. पासवर्ड लागत नाही, पाठवणाऱ्याला काही कळतही नाही.

बेरजेचं कारणही तेच. 'सम' हे सूत्र लपवलेल्या ओळीही धरतं, त्यामुळे दिसणाऱ्या आकड्यांची हाताने केलेली बेरीज त्याच्याशी जुळत नाही. फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असेल तर 'सबटोटल' वापरा आणि कंसातला पहिला आकडा 109 ठेवा. तिथे 9 ठेवलात तर फिल्टरने गाळलेल्या ओळी सुटतील, पण हाताने लपवलेल्या ओळी बेरजेत येतील. नेमकी इथेच गफलत होते. 109 ची युक्ती ओळींपुरतीच आहे. उभे रकाने लपवले असतील तर आडव्या बेरजेत ते धरले जातात.

पाठवण्यापुरती वेगळी फाइल करा. हवा तो भाग निवडा, ऑल्ट धरून अर्धविरामाची कळ दाबा, म्हणजे फक्त दिसणारे चौकोन निवडले जातील. मग कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट करा. ही कळ न दाबता कॉपी केलंत तर हाताने लपवलेल्या ओळीही नव्या फाइलमध्ये उतरतात. सभासदांना आकडे फक्त वाचायचे असतील तर पीडीएफ सगळ्यात बरी. कुणाच्या खात्याचे किंवा कर्जाचे आकडे 'हाइड'च्या भरवशावर कधीही बाहेर पाठवू नका.

प्रश्न: पक्षिनिरीक्षणाच्या इंग्रजी पुस्तकात 'फ्रॉम अ हाइड' असं वाचलं. शब्दकोशात 'हाइड' म्हणजे कातडंही दिलंय. शब्द एकच का?
(विद्यार्थी, चोडण)

उत्तर: पक्ष्यांच्या बाबतीत 'हाइड' म्हणजे लपून निरीक्षण करण्याचा आडोसा: पाहण्यापुरती फट ठेवलेली खोपटी किंवा तंबू. हे नाम आपल्या क्रियापदातूनच आलंय. हा ब्रिटिश वापर झाला. अमेरिकन पुस्तकांत त्यालाच 'ब्लाइंड' म्हणतात. तुमच्या बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या उंच मनोऱ्याला मात्र 'हाइड' म्हणू नका, तो 'वॉचटॉवर'. त्यावरून दूरवर पाहता येतं. हाइडमध्ये माणूस पक्ष्याच्या जवळ बसतो आणि त्याला दिसत नाही.

कातड्याचा 'हाइड' जुन्या इंग्रजीत वेगळा शब्द होता; आज उच्चार आणि स्पेलिंग एक झालंय. चामड्याच्या व्यापारात गाय, म्हैस अशा मोठ्या जनावरांचं ते 'हाइड', शेळी-मेंढीचं ते 'स्किन'. 'हाइडबाउंड' या शब्दातही हेच कातडं आहे. उपासमारीने कातडं हाडांना चिकटलेल्या गुरांना तो शब्द लावत. आता जुन्या चाकोरीला घट्ट चिकटलेल्या माणसांना आणि संस्थांना लावतात. तिसरा 'हाइड' इतिहासाच्या पुस्तकात भेटेल. इंग्लंडमधल्या 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, जमिनीवरचा कर या मापात आकारलेला दिसतो. एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन ही त्यामागची कल्पना. पुढे 120 एकर हे ठोकळ माप धरलं गेलं, तरी ते जागोजागी बदलत असे.

प्रश्न: क्रिकेटच्या समालोचनात 'दे गॉट अ हायडिंग' ऐकतो. कोण लपलं?
(वाचक, मडगाव)

उत्तर: कोणी नाही. हा 'हायडिंग' कातड्यावरून आलेला, म्हणजे चामडी लोळवणं. संघाने सपाटून मार खाल्ला, एवढाच अर्थ. याच मारातून 'ऑन अ हायडिंग टू नथिंग' हा ब्रिटिश वाक्प्रचार आलाय. जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नाचक्की, अशा सामन्याला तो लावतात. दुबळ्या संघाविरुद्ध उतरलेल्या बलाढ्य संघाची गत अशी असते. 'इन हायडिंग' मात्र खरोखरच लपण्यातलं: आरोपी फरार आहे, भूमिगत आहे. दोन्ही 'हायडिंग' ओळखायची खूण आधीच्या शब्दात आहे. आधी 'अ' असेल तर मार, 'इन' असेल तर लपणं.