दीड लाखात बाथरूम होईल, पण कमोड जागचा हलवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नागपुरातला पंचवीस वर्षं जुना फ्लॅट, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, ५ बाय ७ फुटांचं बाथरूम, खालच्यांच्या छताला ओल, वडिलांचे गुडघे दुखतात आणि हाताशी दीड लाख रुपये. एक ठेकेदार १ लाख १० हजारांत 'सगळं' करून देतो म्हणतो, दुसरा २ लाख २० हजार सांगतो. कोणाला काम द्यायचं?

माझ्या घरचं आणि नंतर बहिणीकडचं बाथरूम मी उभं राहून करून घेतलंय, त्यावरून सांगतो. आत्ता दोघांनाही हो म्हणू नका. पहिल्याला विचारा, 'सगळं'मध्ये जुना कोबा, म्हणजे टाईल्सखालचा थर, काढणं आहे का? बहुतेक नसणार. जुन्या टाईल्स फोडायच्या, वर नवीन बसवायच्या, एवढाच त्याचा हिशोब असतो. तुमच्याकडे खाली ओल आहे, म्हणजे पाणी फरशीखालच्या भरावात मुरतंय. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात आणि त्यातूनच ड्रेनेजचे पाईप जातात. तो भराव एकदा ओला झाला की वर कितीही भारी टाईल लावा, खालच्या काकूंचा फोन यायचा तो येणारच.

दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये नक्की वॉल-हंग कमोड, रेन शॉवर, काचेचं पार्टिशन आणि फॉल्स सीलिंग असेल. यातलं एकेक तपासू.

वॉल-हंग कमोडची टाकी भिंतीत लपवतात. तुमची भिंत साडेचार इंची असेल, तर ती टाकी आत मावत नाही, पुढे वेगळा कट्टा बांधावा लागतो आणि ५ फुटांतली जागा त्यातच जाते. पुढे टाकीत काही बिघडलं तर दुरुस्ती सगळी त्या छोट्याशा प्लेटच्या भोकातून. साधा जमिनीवरचा वन-पीस कमोड घ्या. मात्र दुकानात जाण्याआधी भिंतीपासून जुन्या आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या. ४, ९ आणि १२ इंच अशी वेगवेगळी मापं मिळतात आणि दुकानदार हे स्वतःहून विचारेलच असं नाही.

कमोडची जागा बदलायचा मोह तर अजिबात नको. बजेट सगळ्यात जास्त तिथेच फाटतं. कमोड दोन फूट सरकवला की चार इंची पाईप सरकला, पाईपला ढाळ द्यायचा म्हणून फरशीची पातळी वाढली, ती वाढली की उंबरठा आला. वडिलांच्या गुडघ्यांना तो उंबरठा रोज ओलांडावा लागेल.

रेन शॉवरचं सांगायचं तर दाब उंचीवरून मिळतो, साधारण १० मीटर उंचीला १ बार (बार हे दाबाचं माप). तुमच्या डोक्यावरची टाकी शॉवरपेक्षा फार तर दोन-तीन मीटर उंच असेल. म्हणजे पाव बार! एवढ्यावर तो ताटाएवढा शॉवर नुसता ठिबकतो. प्रेशर पंप लावता येतो, पण त्याचे आठ-दहा हजार वेगळे. साधा हँड शॉवर घ्या, वडिलांना बसून आंघोळ करायलाही तोच बरा.

काचेच्या पार्टिशनला माझा विरोध पाण्यामुळे आहे. महापालिकेचं नळाचं पाणी ठीक असतं, पण आपल्याकडे बऱ्याच इमारतींत टाकीत बोअरचं पाणी मिसळतं आणि बोअरचं पाणी जड. काचेवर पांढरे डाग पडतात, मॅट काळ्या नळांवर तर आठवड्यात क्षारांची रांगोळी. साधे क्रोमचे नळ पुसले की चमकतात. गिझरही ग्लासलाइन्ड, म्हणजे आतून काचेचा मुलामा असलेल्या टाकीचाच घ्या. आकाराला १५ लिटर पुरतो. नागपुरात गिझर लागतो तो मुख्यतः थंडीचे तीन-साडेतीन महिने. मे महिन्यात नळालाच असं पाणी येतं की दुपारी हात घालवत नाही.

आता पैशांकडे. मी हिशोब टाईल्सपासून सुरू करत नाही, फरशीखालून वर येतो. खालचे आकडे अंदाजे आहेत, दुकान आणि मिस्त्रीप्रमाणे हलतील, पण प्रमाण साधारण हेच राहतं.

कोब्यासकट तोडफोड आणि मलबा खाली उतरवून उचलून नेणं, १२ हजार. तिसरा मजला आहे, लिफ्ट नसेल तर रेजा-मजुरांची रोजी वाढते, हे आधीच बोलून घ्या. मलबा कुठे टाकणार तेही विचारा. रस्त्याच्या कडेला ओतला आणि महापालिकेचं उपद्रव शोध पथक आलं, तर दंड तुमच्या नावावर. प्लंबिंग, म्हणजे भिंतीतली सीपीव्हीसी (प्लास्टिक पाईपांची) लाईन, ड्रेनेजचे पाईप, नवीन नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा) आणि मजुरी मिळून १८ हजार. वॉटरप्रूफिंग आणि नवीन कोबा १५ हजार. म्हणजे ४५ हजार अशा कामावर गेले, जे कोणाला दिसणारच नाही. यातला एक रुपयाही कापू नका.

टाईल्सचं माप असं काढा : फरशी ३५ चौरस फूट. चार भिंतींचा घेर २४ फूट, ७ फूट उंचीपर्यंत १६८, त्यातून दाराचे १७-१८ वजा. एकूण साधारण १८५ आणि तुटफुटीचे दहा टक्के धरून २०५ चौरस फूट. पन्नास रुपये फुटाची टाईल जीएसटीसकट १२ हजारांना पडते. दुकानात बहुतेक भाव कराशिवाय सांगतात, टाईल्स आणि सॅनिटरीवर १८ टक्के धरून चाला. बसवायची मजुरी ९ हजार, सिमेंट, रेती, ॲडहेसिव्ह, ग्राउट ६ हजार. सप्टेंबर २०२५मध्ये सिमेंटवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला, पण बाथरूमला पोती लागतात किती, त्या बचतीत फार तर मिस्त्रीचा चहा निघेल! हे झाले २७ हजार. फरशीला मॅट, अँटी-स्किड टाईलच घ्या, भिंतीला काहीही चालेल. एकाच बॅचचं एक बॉक्स जास्तीचं ठेवा, दोन वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

कमोड, बेसिन, नळ, डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारी चावी), हँड शॉवर यांचे २६ हजार. गिझर ९ आणि त्याची स्वतंत्र वायर, एक्झॉस्ट, दिवा मिळून ७, म्हणजे १६ हजार. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वायरवर दोन किलोवॉटचा गिझर टाकू नका. दार, आरसा, हुक आणि वडिलांसाठी दोन ग्रॅब बार (धरून उठायचे दांडे), ११ हजार. बारची जागा प्लास्टर करण्याआधीच ठरवा, म्हणजे त्या मागून पाईप जाणार नाही आणि बोल्ट टाईलमध्ये नव्हे, विटेत पक्का बसेल. दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

बेरीज सव्वा लाख. उरलेले २५ हजार वेगळ्या खात्यात टाका आणि ठेकेदाराला त्यांचा पत्ता लागू देऊ नका. जुनं बाथरूम फोडल्यावर काहीतरी निघतंच : सडलेला जीआय (लोखंडी) पाईप, तडकलेला ट्रॅप, पोकळ प्लास्टर. ते निघाल्यावरच आणखी काही हौस करायची की नाही ते ठरवा. म्हणून आधी फोडा, कमोडचं आउटलेटपर्यंतचं अंतर मोजा, मग कमोड, नळ आणि बेसिन घ्या. टाईल्स मात्र आधीच पसंत करून ठेवा.

माल स्वतः घ्या आणि मिस्त्रीला फक्त मजुरीचा ठेका द्या. नळ-पाईपांसाठी इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारायला वेळ असेल तर भावात फरक कळतो, नसेल तर जवळच्या दुकानात कोटेशन दाखवून घासाघीस करा. पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला पाचवा हिस्सा, मोठा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर. ही चाचणी म्हणजे वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाईल लावण्याआधी, ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि किमान ४८ तास तसंच ठेवायचं. पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खाली जाऊन छत बघा. मिस्त्री म्हणेल, 'साहेब, काही गरज नाही, मी गॅरंटी देतो.' गॅरंटी घ्या आणि पाणीही भरा. भिंतीतले पाईप झाकण्याआधी टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढा. एप्रिल-मेमध्ये सिमेंटला तराई करताना, म्हणजे पाणी मारून ते ओलं ठेवताना, पाणी टिकत नाही, कुलर आणि पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते. जूनमध्ये पेरणीसाठी छत्तीसगड-बालाघाटकडचे मजूर गावी निघाले की काम अर्धवट लटकतं.

खालच्यांच्या छताचं राहिलंच. गृहनिर्माण सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकच्या गळतीची दुरुस्ती संबंधित सदस्याच्याच खर्चाने होते, म्हणून त्यांच्या रंगकामाचे चार-पाच हजार त्या २५ हजारांतच धरा. पण लगेच रंगवू नका. स्लॅबमधली ओल सुकायला महिना-दोन महिने लागतात. त्यांना काम सुरू होण्याआधीच जाऊन हे सांगून ठेवा.