तांब्याने मरणारी पेशी आणि जनुकांचा ‘रिस्क स्कोअर’

प्रश्न : वडिलांना मूत्रपिंडाचा क्लिअर सेल कॅन्सर आहे, फुप्फुसातही गाठी आहेत. तांब्यामुळे पेशी मरतात आणि त्याच्याशी संबंधित जनुकांवरून रुग्णाचं पुढे काय होईल ते कळतं, असं वाचलं. ही तपासणी करावी का? तांब्याच्या भांड्यातलं पाणी वाढवावं का?

उत्तर : तपासणीवर आत्ता पैसे घालवू नका.

तांब्यामुळे होणारा हा पेशीमृत्यू, म्हणजे क्युप्रोप्टोसिस, मार्च २०२२ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत मांडला गेला. मायटोकॉन्ड्रियात (ऑक्सिजन वापरून पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागात) जादा तांबं शिरलं की एफडीएक्स१ हे प्रथिन त्याला जास्त घातक रूपात आणतं. हे तांबं लिपॉइक आम्ल जोडलेल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचे गठ्ठे होतात आणि पेशी मरते. मात्र त्यासाठी पेशी मायटोकॉन्ड्रियावर जगणारी हवी. ऑक्सिजन न वापरता ग्लुकोजवर भागवणाऱ्या पेशी तांबं आत नेणाऱ्या इलेस्क्लोमॉल या औषधाला सुमारे हजारपट कमी दाद देतात. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) ६५१ रुग्णांवरच्या चाचणीत हे औषध अपयशी ठरलं. फायद्याची चिन्हं दिसली ती फक्त रक्तातलं एलडीएच नॉर्मल असलेल्यांत (हे एन्झाइम जास्त असणं ही गाठ ग्लुकोजवर भागवत असल्याची खूण मानतात).

क्लिअर सेलच्या बहुतेक गाठींत व्हीएचएल हे गाठींना आळा घालणारं जनुक निकामी असतं, त्यामुळे पेशी ग्लुकोजकडेच वळतात. एफडीएक्स१ कमी असलेल्या रुग्णांचं आयुर्मान कमी आढळतं, ते या चित्राशी जुळतं. पण एवढ्यावर एका रुग्णाचं भाकीत करता येत नाही. अशा जनुकांवरचे बहुतेक ‘रिस्क स्कोअर’ टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांच्या एकाच माहितीसाठ्यातून काढलेले आहेत. जनुकं निवडायची, त्यांना वजन द्यायचं आणि रुग्णांचे मध्यकावर (अगदी मधल्या आकड्यावर) दोन गट पाडायचे, अशी पद्धत. तो मध्यक त्या गटापुरता असतो. जनुक किती काम करतंय ते आरएनएवरून मोजतात; ती मोजण्याची पद्धत बदलली की आकडे सरकतात आणि तोच रुग्ण ‘हाय रिस्क’मधून ‘लो रिस्क’मध्ये जातो.

पसरलेल्या आजारात डॉक्टर जो आयएमडीसी स्कोअर वापरतात, तो साध्या गोष्टींवर निघतो : निदानापासून वर्षाच्या आत औषधं सुरू करावी लागणं, दैनंदिन कामाची क्षमता ८० टक्क्यांखाली, हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम जास्त, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, प्लेटलेट जास्त. यातलं एकही नसेल तर चांगला गट, एक-दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त असतील तर वाईट. वडिलांचा गट कोणता, हे डॉक्टरांना जरूर विचारा. औषध ठरवताना तो पाहिला जातो.

पाण्याचं म्हणाल तर वाढवू नका. ते तांबं गाठीच्या मायटोकॉन्ड्रियात नेमकं पोचत नाही. जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यातली मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. लिंबूपाणी किंवा ताक तांब्याच्या भांड्यात अजिबात ठेवू नका. आम्लात तांबं भराभर उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. केमोथेरपी किंवा गोळ्यांनी पोट आधीच बिघडलेल्या माणसाला तर ते फारच जड जातं.