स्वयंपाकातून माइंडफुलनेस: नवीन आहात तर एवढंच करा

स्वयंपाक करता करता माइंडफुलनेसचा, म्हणजे हातातल्या कामाकडे पूर्ण लक्ष देण्याचा, सराव करावा असं मनात असेल तर अगदी छान विचार आहे, नक्की सुरू करा! फक्त पहिल्याच दिवशी अख्खा स्वयंपाक लक्ष देऊन करायला जाऊ नका, सगळे तिथेच थकतात. एकच काम धरा. मी तर फोडणीच सांगेन, कारण तिथे लक्ष हललं की लगेच कळतं: तेल तापलंय का बघायला मोहरीचे दोन दाणे टाका, तडतडले की बाकीची मोहरी, ती फुटायची थांबेपर्यंत नुसतं ऐका, मग जिरं, हिंगाचा वास आणि शेवटी हळद, ती पटकन जळते म्हणून.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- कानात हेडफोन. काढाच.
- मन भटकलं म्हणून चिडणं. भटकणारच, पुन्हा कढईकडे आणायचं, सराव म्हणतात तो हाच.
- याला डाएट समजणं. वजनाचा विषय इथे आणूच नका प्लीज.

जेवताना पहिले तीन घास मोबाइलशिवाय, सावकाश चावून. एकटे असाल तर एक बेदाणा घ्या, बघा, हुंगा, जिभेवर ठेवा आणि मगच चावा. माइंडफुलनेस शिकवणारे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या कोर्समध्ये हाच व्यायाम सुरुवातीला देतात. श्वासाचे प्रकार, मौन जेवण वगैरे महिन्याभराने बघू, आत्ता त्यात अजिबात पडू नका.